राखीव गोलकीपरचं काय करावं

मी, खाली सही करणारी, गल्लीत जिला फ्रेमवाल्या बाई म्हणून ओळखतात ती, धंदा चित्रांना व फोटोंना चौकटी बसवणे, आज पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता ही माझी इच्छा माझ्याच अक्षरात लिहून ठेवते. माझी तब्येत ठीक आहे. गुडघे सोडले तर सगळं चालतं, आणि मृत्युपत्र कोणी गुडघ्यांनी लिहीत नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न दोघांनी केला, माझ्या धाकट्या भावाने आणि त्याच्या मुलीने. पण दोघांनी विरुद्ध दिशांनी ढकलल्यामुळे मी होते तिथेच राहिले.

यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे याद्वारे रद्द समजावीत. ती सगळी भावावर चिडून लिहिलेली होती.

वकीलबाई म्हणाल्या, "थोडक्यात लिहा हो. कुठली वस्तू कोणाला, एवढंच." तेवढं थोडक्यात सांगता आलं असतं तर मी वकिलाकडे कशाला गेले असते, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांच्या पदवीची फ्रेम मीच केली आहे आणि आमचे संबंध चांगले आहेत.

कलम पहिले. घर.

रस्त्याकडचे दुकान व त्यामागच्या दोन खोल्या ही माझी स्थावर मालमत्ता असून ती माझ्या पश्चात माझ्या भाचीला, म्हणजे वर सांगितलेल्या भावाच्या मुलीला मिळावी. दोन खोल्यांपैकी आतली खोली कोरडी आहे. तिथे ऊन येत नाही, वारा बेताचा येतो आणि बारा महिने हवा सारखी असते. त्यामुळे तिथे माझी फुटबॉलवाल्यांची कार्डं राहतात आणि बाहेरच्या खोलीत मी राहते. पाहुणे आले की नाक मुरडून म्हणतात, चांगली खोली रिकामी ठेवून तुम्ही इथे घामाघूम का होता? खोली रिकामी नाही, हे त्यांना समजावण्यात माझी निम्मी पाहुणचाराची शक्ती गेली.

शेजारच्यांनी मध्यंतरी घर दुरुस्त केलं आणि न्हाणीघर आणून माझ्या आतल्या भिंतीला चिकटवलं. भिंतीला ओल आली. मी सांगायला गेले तर शेजारी म्हणाले, "बाई, भिंत आहे, पापड नाही. ओली झाली तर झाली." सदर शेजाऱ्यांना माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. भिंतीतली ओल त्यांची आहे, ती त्यांनी हवी तेव्हा घेऊन जावी.

कलम दुसरे. शिल्लक.

बँकेत जे असेल त्यातून माझा शेवटचा खर्च करावा आणि उरलेल्यातून हवेतला ओलावा खेचणाऱ्या यंत्राचं वीजबिल भरत राहावं. ते यंत्र मी मेल्याच्या दिवशीही बंद करू नये. लोक भेटायला येतील, रडतील, दार उघडं राहील, हवा दमट होईल. त्या दिवशी तर ते जास्त लागेल.

कलम तिसरे. हत्यारे.

चौकटीचे कोपरे तिरपे कापणारी करवत, काच कापायचा हिरा, पुठ्ठ्याला खिडकी कापायचं पातं, शिकंजे आणि कामाचं टेबल हे सर्व दुकानातल्या कारागिराला द्यावे. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला काळे केस होते. माणूस प्रामाणिक आहे, हात स्थिर आहे, दोष एकच. चित्राच्या पाठीला तो साधी चिकटपट्टी लावतो. मी दुकानात असेपर्यंत लावत नाही. मी जेवायला गेले की लावतो. चिकटपट्टी काही वर्षांनी पिवळी पडते आणि तिचा डाग पुढपर्यंत येतो, हे मी त्याला इतक्यांदा सांगितलं आहे की आता तो माझ्या आधी म्हणून दाखवतो. हत्यारे त्याला बिनशर्त द्यावीत. अट घालून उपयोग नाही, मी कायमची जेवायला गेलेली असेन.

कलम चौथे. यजमानांचा पाना.

माझे यजमान नळदुरुस्तीचं काम करत. मी कागद सांभाळणारी आणि ते पाण्याचे माणूस, तेव्हा आमचा संसार कसा झाला असेल याची कल्पना करावी. घरात येताच ते ओल्या हातांनी पहिल्यांदा जे दिसेल ते उचलत. एकदा त्यांनी एका उत्तम जपलेल्या मध्यरक्षकाच्या कार्डावर चहाचा कप ठेवला. मी आठवडाभर बोलले नाही. आठव्या दिवशी ते कार्डाच्या मापाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले, झाकणाला आतून रबराचं कडं लावलेलं, पाण्यात बुडवला तरी थेंब आत जाणार नाही असा. स्वतः पाण्यात बुडवून दाखवला. आतला कागद कोरडा निघाला तेव्हा माणूस इतका खूश झाला की मला हसू आलं आणि अबोला तुटला. ते गेल्याला बरीच वर्षं झाली, मला त्यांची रोज आठवण येते. त्यांचा मोठा पाना माझ्या उशाखाली आहे. तो कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबर जाऊ द्यावा.

कलम पाचवे. कार्डांचा संग्रह.

म्हणजे आमच्या लहानपणी च्युइंगमच्या पाकिटातून निघणारी फुटबॉलवाल्यांची कार्डं, सगळे संघ, पूर्ण मालिका. फक्त राखीव गोलकीपर यात धरू नये, त्याच्यासाठी पुढचं कलम आहे. ही सर्व कार्डे भाचीला द्यावीत, ती पुढीलप्रमाणे वागेल अशा विश्वासाने.

कार्डाला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि नीट कोरडे करावेत. पांढरे हातमोजे घालू नयेत. हातमोजे घालून ऐटीत येणारे संग्राहक मी पुष्कळ पाहिले. बोटाखाली कोपरा आहे की नाही हे त्यांना कळत नाही, आणि कोपरा मुडपला की हातमोजे काढून कपाळाला हात लावतात. प्रत्येक कार्ड आधी मऊ पाकिटात घालावं आणि मग कडक पाकिटात. नुसतं कडक पाकिटात सरकवणं म्हणजे मोजे न घालता नवे बूट घालणं आहे, जखम होणारच. रबरबँड घरात आणू नये. पेटीत कार्डं उभी ठेवावीत, दाटीवाटीने नको आणि सैलही नको. घट्ट असली तर काढताना कडा घासतात, सैल असली तर एकमेकांच्या अंगावर रेलून वाकतात. जुन्या अल्बमांचं प्लास्टिक काही वर्षांनी घाम सुटल्यासारखं चिकट होतं, ते वापरू नये. खिडकीसमोर नको, माळ्यावर नको, स्वयंपाकघराजवळ नको. ओलावा शोषणाऱ्या पुड्या पेटीत टाकाव्यात आणि अधूनमधून बदलाव्यात. एकदा टाकल्या म्हणजे झालं, असं समजणारे लोक लग्नंही तशीच करतात. लॅमिनेशन केल्यास भाचीचा हक्क त्याच क्षणी संपेल आणि मी जिथे असेन तिथून मला समजेल.

हे कलम मी भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आत्या, इतकं तर हॉस्पिटलात पेशंटला जपत नाहीत गं."

"पेशंट बरा होतो," मी म्हटलं. "मुडपलेला कोपरा होत नाही."

कलम सहावे. राखीव गोलकीपर.

हा माणूस कोणत्या सामन्यात खेळला याची नोंद नाही, कारण तो खेळलाच नाही. संघाच्या फोटोत तो मागच्या रांगेत कडेला आहे, अर्धा कान कापला गेलेला. त्याचं कार्ड निघालं की मुलं वैतागून फेकून देत, म्हणून कंपनीने ते थोडंसं छापून बंद केलं. आज ज्यांनी गोल मारले त्यांची कार्डं पोत्याने मिळतात आणि जो जन्मभर बाकावर बसून राहिला त्याच्यासाठी मोठमोठे लोक जीव टाकतात. संग्राहकांच्या जगात ही गोष्ट कोणालाही विचित्र वाटत नाही.

आमच्या घरात तो एकदाच निघाला. पाकीट आणलं मी, फोडलं भावाने. मी म्हणायची, पाकीट माझं तर कार्ड माझं. तो म्हणायचा, फोडलं मी तर नशीब माझं. जेवणं थांबली, एक खुर्ची मोडली. तेव्हा आमच्या बाबांनी हात पुढे केला आणि कार्ड मागून घेतलं. बाबा छापखान्यात मशीनवर होते. दिवसभर यंत्राच्या खडखडाटात राहून ते घरी फार बोलत नसत. कार्ड शर्टाच्या खिशात घालून ते कामावर गेले. बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी दोन राखीव गोलकीपर ठेवले. तोच चेहरा, तोच कापलेला कान, पाठीमागे तीच बारीक अक्षरं.

"घ्या एकेक," ते म्हणाले.

"बाबा, खरं कुठलं?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

"दोन्ही खरी. पुन्हा भांडलात तर दोन्ही परत घेईन."

बाबा होते तोवर आम्ही भांडलो नाही. ते गेल्यानंतर मात्र एकही वर्ष वाया घालवलं नाही. माझ्याकडचं खरं आणि भावाकडचं छापखान्यातलं, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. भावालाही तितकंच स्पष्ट होतं, फक्त उलटं.

आता जपणुकीबद्दल. माझा भाऊ बँकेत लॉकरच्या विभागात होता, म्हणून मी त्याला कुलूप म्हणते. त्याच्या मते वस्तू दिसेनाशी झाली की सुरक्षित झाली. त्याने आपला गोलकीपर काळ्या काठाच्या, चार स्क्रूंच्या जाड केसमध्ये बंद केला, केस डब्यात, डबा पिशवीत, पिशवी लॉकरात. माझ्या मते वस्तू डोळ्यांसमोर हवी. मी माझा गोलकीपर उत्तम पुठ्ठ्यात बसवला, ऊन रोखणारी काच लावली, काच कार्डाला टेकू नये म्हणून मध्ये पट्ट्या घातल्या, पाठ हवाबंद केली आणि दुकानात माझ्या टेबलासमोर टांगला. पुठ्ठ्याची खिडकी मी कार्डापेक्षा केसभर लहान कापली, म्हणजे चारही कडा झाकल्या जातील. कार्ड मरतं ते कडांपासून.

हे सगळं झाल्यावर कार्डांचा एक व्यापारी दुकानात आला. भिंग लावून, वाकून, श्वास रोखून त्याने गोलकीपर पाहिला. "काचेतून मी माझ्या सख्ख्या भावालाही खरा म्हणणार नाही," तो म्हणाला, "पण सोपं आहे. त्या कंपनीचा पुठ्ठा आतून राखाडी असतो. कार्डाची कड बघा, मधोमध राखाडी रेघ दिसली की खरं. दुसऱ्या कुठल्या छापखान्याचा पुठ्ठा असला तर कड पांढरी." मी माझी बाकीची कार्डं काढून पाहिली. सगळ्यांना राखाडी रेघ होती. ज्याची बघायची त्याची कड मात्र मीच झाकून, वर हवाबंद करून ठेवली होती. भावाला कळवलं, तर त्याच्याही केसचे काठ काळे निघाले.

दोघांपैकी कोणीही उघडलं नाही. मी म्हणायची, सील तुटलं की दमट हवा आत शिरते. तो म्हणायचा, स्क्रू पुन्हा तितकेच घट्ट बसत नाहीत. अशी आम्ही आपापली कार्डं तळहाताच्या फोडासारखी जपली आणि एकमेकांना खोटं ठरवत म्हातारे झालो.

मग भाची मोठी झाली आणि तिला तोंड फुटलं. एकदा दुकानात बसून फ्रेमकडे बघत ती सहज म्हणाली, "आत्या, कंपनीने निदान काही शे तरी छापली असतील ना? आजोबांनी एकच. मग दुर्मिळ कुठलं?"

मी हातातलं पातं खाली ठेवलं. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांची नावं, दुसऱ्यांच्या जाहिराती, दुसऱ्यांची पाठ्यपुस्तकं छापली. स्वतःच्या मुलांसाठी म्हणून त्यांनी मशीनवर चढवलेली वस्तू एवढीच. त्यांचा फोटोही धड नाही माझ्याकडे, आणि मी फोटोंच्या फ्रेमा करते. त्या क्षणापासून मला खरं कार्ड नको झालं. माझ्याकडचं बाबांचं असावं, एवढीच इच्छा राहिली.

भाचीने हेच आपल्या घरी जाऊन वडिलांनाही ऐकवलं असणार. कारण आठवडा झाला नसेल, भावाचा फोन.

"ताई, खूप विचार केला. खरं कार्ड तुझ्याकडेच आहे. मी हरलो."

"असं कसं अचानक?"

"वय झालं आता. पाकीट तूच आणलं होतंस. मान तुझाच."

"छे छे," मी म्हटलं, "खरं तुझंच. तू लहान होतास, बाबा तुला कधी फसवणार नाहीत."

"मग तुला फसवतील का? तू तर लाडकी!"

"मी लाडकी? तुला सायकल कोणी आणली?"

"ताई, मी तुला खरं कार्ड देतोय आणि तू माझ्याशी भांडतेस?"

"मला नको तुझं दान. खोटं कार्ड माझंच आहे, माझंच राहणार!" असं म्हणून मी फोन आपटला. मी फोनवर आहे हे बघून चिकटपट्टी लावायला घेतलेला कारागीर तसाच माझ्याकडे बघत राहिला. बाई स्वतःच्या वस्तूला इतक्या जोरात खोटं म्हणताना त्याने कधी ऐकलं नव्हतं.

कलम सातवे. सदर कार्डाची विल्हेवाट.

माझ्या मृत्यूनंतर वकीलबाईंच्या समक्ष फ्रेम उघडावी व कार्डाची कड तपासावी. कड राखाडी निघाल्यास कार्ड कंपनीचे समजून भावाला द्यावे. त्याला त्याची आयुष्यभर फार हौस होती. कड पांढरी निघाल्यास ते बाबांचे समजून भाचीला द्यावे आणि भावाला महिन्यातून एकदा काचेतून बघू द्यावे, हात लावू देऊ नये.

कलम आठवे. वरील कलम सातवे रद्द.

वकीलबाई म्हणतात, पान फाडून नवं लिहा. हा कागद पिवळा न पडणारा, महागातला आहे, मी तो फाडणार नाही. काय घडलं ते इथेच लिहिते.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक कारागीर ठरला होता, पण हत्यारं त्याला मिळणार आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये असा नियम निघाला. भाऊही त्याच कारणाने बाद, कारण कलम सातव्यात त्याला कार्ड मिळण्याची शक्यता होती. तरीही तो दुकानात आला, मी न बोलावता, आणि वरचा मजकूर उभ्या उभ्या वाचून काढला. कलम सातव्यापाशी तो थांबला.

"म्हणजे तू गेल्यावर मला कळणार?"

"हो."

"आणि मी आधी गेलो तर?"

तो माझ्याहून लहान आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता. त्याने खुर्ची ओढली, खाली बसला आणि म्हणाला, "ताई, माझ्याकडे बाबांचं दुसरं काही नाही गं." मला वाटत होतं की हे वाक्य फक्त माझं आहे.

म्हणून आज सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, कारागिराला बोलावून आम्ही दार लावून घेतलं. भाची लॉकरातून पिशवी घेऊन आली. सगळ्यांनी साबणाने हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले. कारागिराने माझ्या फ्रेमच्या पाठीचं सील कापलं. पातं चालवताना तो माझ्याकडे बघत नव्हता. भाचीने चार स्क्रू काढले, एक हट्टी होता. मग पांढऱ्या कापडावर दोन राखीव गोलकीपर शेजारी शेजारी आले, टेबलावर बाबांनी ठेवले होते तसे.

"आधी तू," भाऊ म्हणाला.

"नाही, तू."

शेवटी भाचीनेच माझं कार्ड दोन बोटांत कडांनी धरलं, उजेडाकडे तिरपं केलं आणि म्हणाली, "पांढरी."

माझे डोळे भरून आले. पन्नास वर्षं ज्याला खरं म्हणत आले ते खोटं निघालं आणि मला इतका आनंद झाला की भावाचा चेहरा बघायचं धाडस होईना. बाबांचं कार्ड माझ्याकडे होतं, म्हणजे त्याच्याकडे नव्हतं. तो मान खाली घालून म्हणाला, "असू दे. तुझंच असायला हवं होतं." मी त्याचा हात धरला. तो हात ओला होता आणि मी त्याला काही बोलले नाही.

"बाबा," भाची माझ्या भावाला म्हणाली. तिच्या हातात आता दुसरं कार्ड होतं. "ही पण पांढरी आहे."

कारागिराने पाहिली, मी पाहिली, भावाने चष्मा पुसून पाहिली. राखाडी रेघ कुठेच नव्हती. बाबांनी दोन छापली होती. एकाला खरं आणि एकाला खोटं द्यायचं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं, आणि आम्ही मात्र जन्मभर ठरवत राहिलो की त्यांनी कोणाला फसवलं.

"मग खरं कुठे गेलं?" कारागिराने विचारलं. आम्हा बहीणभावांपैकी कोणीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. भाऊ दोन्ही कार्डं जवळ आणून बघत होता. "ताई, रंग बघ किती नीट बसवलाय. कान बघ."

सबब माझे कार्ड माझ्या पश्चात भाचीला द्यावे. भाऊही आपलं तिलाच देणार आहे, असं तो तोंडी म्हणतो. तिने दोन्ही एकाच फ्रेममध्ये बसवावीत. खिडकी या वेळी कार्डापेक्षा मोठी कापावी, कडा दिसू द्याव्यात. बाजारभाव विचारू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि पुढील दोन साक्षीदारांसमोर त्यावर सही केली आहे.

ठिकाण: दुकान, कामाचं टेबल.
दिनांक: वर सांगितलेला सोमवार, दिवे लागायच्या आत.

सही
(फ्रेमवाल्या बाई)

साक्षीदार पहिली: वकीलबाई. "मजकूर आवश्यकतेपेक्षा बराच लांब आहे, परंतु कायदेशीर आहे. सही माझ्यासमोर झाली."

साक्षीदार दुसरा: लिहून देणारीचा धाकटा भाऊ. "कलम सातवे रद्द झाल्याने मला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही, म्हणून मी साक्ष करू शकतो. मला जे मिळायचं होतं ते बाबांनी तेव्हाच दिलं होतं. ताईने सही केली तेव्हा तिचे हात कोरडे होते, डोळे नव्हते."